वापस गेलेला डबा

लातूरच्या एसटी स्टँडवर, आमच्या गावाकडच्या गाडीला टेकून, अप्पांनी मला सांगितलं की माझं गणित काढून टाकलं आहे. किडकी दाढ काढून टाकावी तसं सांगितलं. वर म्हणाले, "आता हलकं वाटंल तुला." मी अकरावीला होते, कॉलेज सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि मला काहीएक न विचारता माझे वडील, क्लासचे सर आणि कॉलेजातला एक कारकून अशा तीन शहाण्या माणसांनी चहा पीत पीत माझ्या आयुष्यातून एक विषय उचलून बाजूला ठेवला होता. आता केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण ते वाक्य आठवलं की अजूनही माझी कानशिलं तापतात. भाकरी शिळी होते, राग होत नाही.

"कुणी काढलं गणित?" मी विचारलं.

"सरांनीच सांगितलं. डाक्टरकीला गणित लागत न्हाई. उगं भार होतोय."

"आणि त्याच्या जागी?"

"भूगोल दिलाय. सर म्हणले, पोरीला आकाशाचं याड हाय ना? मंग भूगोलात ग्रह-तारे आलेच की."

मला डॉक्टर व्हायचंच नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. अप्पा पायरीवर चढले, खिडकीतून हात हलवला आणि गेले. पोरीचं भलं करून चाललेल्या माणसाचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि त्या समाधानाचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

नांदेड-लातूर रस्त्यावर अहमदपूरच्या अलीकडे आमचं गाव. अप्पांचं किराणा आणि भुसार मालाचं दुकान होतं, पुढं दुकान आणि मागं घर. सकाळी आमच्या घरात पहिला आवाज यायचा तो अव्वाच्या बांगड्यांचा. आम्ही आईला अव्वा म्हणायचो. अंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन ती पूजेला बसायची, आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायची नाही. मग चूल पेटायची. ज्वारीची भाकरी थापल्याचा थप थप आवाज, दुकानात तराजूच्या पारड्याचा खणखणाट, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे, या सगळ्यांत माझा अभ्यास व्हायचा. शांतता लागते बाई अभ्यासाला, असं आजकालच्या आया सांगतात तेव्हा मला हसू येतं.

आकाशाचा नाद मला लागला तो नांदेडला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मावशीकडे असायची. संध्याकाळी जेवणं उरकली की लाईट जायची, अगदी नेमानं, आणि सगळी गल्ली गच्चीवर यायची. गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचा आवाज वाऱ्याबरोबर कमीजास्त होत यायचा, खाली कुणीतरी सुशील्याला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना, फोडणी दिलेली असायची, आणि डोक्यावर सगळं उघडं पडलेलं असायचं. मावशीकडच्या वर्तमानपत्रात महिन्यातून एकदा आकाशाचा नकाशा छापून यायचा. मावशी तो पापडाच्या डब्याखाली दाबून माझ्यासाठी ठेवायची. आमच्याकडं नक्षत्रं म्हणजे पावसाची. मृग निघाला की पेरणी, हस्त बरसला की रब्बीला ओल, एवढाच त्यांच्याशी संबंध. रोहिणी, चित्रा, स्वाती खरोखरच वर दिसतात, बोट दाखवून सांगता येतात, हे कळलं तेव्हा मला इतके दिवस फसवल्यासारखं वाटलं. कुणी आधी सांगितलं का नाही?

नुसतं बघून माझं भागलं नाही. दहावीच्या वर्षी मी अव्वाचं मुसळ अंगणात उभं पुरलं आणि रोज भर दुपारी त्याची सावली मापू लागले. मुसळाची उंची, सावलीची लांबी, आणि शाळेत नुकतीच शिकवलेली त्रिकोणमिती, एवढ्या भांडवलावर सूर्य किती वर चढला ते काढता यायचं. थंडीतली लांबलचक सावली दिवसागणिक आखडत गेली आणि वैशाखात (त्या सुट्टीत मी नांदेडला गेलेच नाही) एके दिवशी मुसळाच्या बुडाखाली गडप झाली. काही दिवसांनी ती पुन्हा निघाली, पण उलट्या बाजूला, दक्षिणेला! मी वहीवर आधीच मांडून ठेवलं होतं की असं होणार, आणि तसंच झालं. कुणीतरी आपलं ऐकलं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि तो सूर्य होता. अव्वा ओरडत होती, "चटणी कशानं कुटू? ते मुसळ काढ आगुदर!" पुढं मी ताऱ्यांच्या उजेडाची मापं घेण्यात सगळी उमर घालवली, मोठमोठ्या दुर्बिणींच्या पोटात शिरले, पण गणिताशिवाय आकाश म्हणजे शेजाऱ्याच्या घरातलं लग्न, हे मला त्या अंगणातच कळलं होतं. आवाज ऐकू येतो, आत कुणी बोलवत नाही.

आणि हेच गणित काढून भूगोल दिला. आणि वर म्हणे, त्यात ग्रह-तारे आलेच की!

लातूरला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, मी आणि किनवटची रुक्मिण. पहाटे साडेचारला घरमालकीण जिन्यावर काठी आपटायची. तोंड धुवायला गच्चीवरच्या नळावर जावं लागे, आणि तेवढ्या वेळात मी वर बघून घ्यायची. पूर्वेला कृत्तिका वर चढलेल्या असायच्या आणि त्यांच्याखाली मृग उगवत असायचा. खालून मालकीण ओरडायची, "दात घासू ऱ्हायली का झोपू ऱ्हायली?" मग क्लास, कॉलेज, परत क्लास, चाचणी, चाचणीच्या चुकांची चाचणी. सगळ्या गावाला एकच शब्द पाठ होता, 'येतं'. पेपरला येतं ते खरं, पेपरला येत नाही ते खोटं. प्रश्न पडायचा नाही, सुटायचा. आज तर त्या भागात सकाळी नुसती दप्तरंच चालताना दिसतात. माझ्या भाचीची मुलगी तिथंच आहे. परवा फोनवर तिला म्हटलं, संध्याकाळी पश्चिमेला शुक्र किती छान दिसतोय बघ. तर म्हणाली, "आजी, तेव्हा आमची टेस्ट असते." रोज संध्याकाळी टेस्ट! ज्यांनी हे वेळापत्रक आखलं त्यांना एकेकाला अंगणात उभं करून मान वर करायला लावली पाहिजे.

माझा गुन्हा एवढाच, की मी क्लासमध्ये एक प्रश्न विचारला. सर जीवशास्त्र शिकवायचे. मोठं नाव होतं त्यांचं. बाकावर जागा मिळावी म्हणून पोरं एकमेकांच्या अंगावर पडायची. झाडं उजेडाकडे वळतात हे ते सांगत होते. मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, या दिवसांत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. मग उघड्यावरचं झाड दुपारी उत्तरेला झुकतं का?" सर थांबले. चष्मा काढून म्हणाले, "हे पेपरला येतं का?" मी म्हटलं, नाही. "मग बस." सगळा क्लास हसला. एवढ्यावर मिटलं असतं, पण त्यांनी ते मनात ठेवलं. महिन्याच्या पालकसभेत अप्पांना बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की पोरगी हुशार आहे पण डोकं भरकटतंय, भार कमी करा. आणि अप्पांनी, जे तुरीचा दाणा दाताखाली फोडल्याशिवाय पोतं घेत नसत, त्यांनी डोळे झाकून सही केली. शिकलेल्या माणसापुढं आमच्या लोकांची अशी मान झुकते! बाजारात कुणाच्या बापाला ऐकत नाहीत, आणि हातात खडू दिसला की गार.

आता डब्याचं सांगते. आमच्या भागात पोरं लातूरला शिकायला ठेवली की घरचा डबा रोज एसटीनं यायचा. सकाळच्या गाडीला गावोगावच्या बाया डबे आणून द्यायच्या, प्रत्येकाची पिशवी वेगळ्या कापडाची, कुणी दोरा बांधलेला, कुणी चिंधी. कंडक्टर ते मागच्या बाजूला रचून आणायचा. लातूरच्या स्टँडवर आम्ही वाट बघत उभ्या. कोमट भाकरी, कारळाची चटणी, शेंगदाण्याचा ठेचा, कधी धपाटे नि दही, कधी येसराची आमटी. आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा घासून वापस. हा नेम इतका पक्का, की रिकामा डबा हीच घरी खुशाली होती. डबा रिकामा आला म्हणजे पोर जेवलं, पोर बरं आहे.

गणित गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबा उघडला नाही. संध्याकाळी तसाच भरलेला नेऊन कंडक्टरच्या हातात दिला. त्यानं पिशवी हातात तोलली.

"काय बाई, जड लागून राहिला? तब्येत बरी न्हाई का?"

"बरी हाय. आमच्या अव्वाला सांगा, माझं गणित वापस आलं की जेवीन."

कंडक्टर इमानदार माणूस. त्यानं निरोप आमच्या दुकानासमोर गाडी थांबवून, पायरीवर उभं राहून, अर्ध्या गाडीला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा दिला. गणित वापस आलं की जेवीन! कुणाला काही कळेना. गणित कुठं गेलंय, कुणी चोरलंय, पोरीला कुणी उधार मागतंय काय, गावभर चर्चा. दुकानात तेल घ्यायला आलेली माणसं अप्पांना विचारायला लागली, "शेटजी, गणित सापडलं का?" दुसऱ्या दिवशी डब्यात धपाटे होते, वर लोण्याचा गोळा. मी झाकण उघडून पाहिलं, वास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि झाकण परत लावलं. तोही डबा वापस.

रुक्मिण कॉटवर बसून हे बघत होती. एवढ्या लांब किनवटहून तिच्या घरचा डबा येणं शक्यच नव्हतं. ती खानावळीतलं पातळ वरण खायची. ती म्हणाली, "तुझा राग बरोबर हाय. पण गणिताच्या तासाला का जात नाहीस? नाव काढलं त्यांनी, तुझे पाय तर काढले नाहीत."

तिचं खरं होतं. मी कॉलेजात गणिताच्या तासाला जाऊन मागच्या बाकावर बसले. हजेरीत माझं नाव आलं नाही. सगळी नावं संपली आणि मी तशीच बसून राहिले. ते जे वाटलं ते मी विसरलेली नाही. विषय बदलायची मुदत शनिवारपर्यंत होती आणि त्यानंतर बारावीपर्यंत गणिताचं दार बंद. बारावीला गणित नाही म्हणजे पुढं भौतिकशास्त्र नाही, म्हणजे आकाश नाही. नांदेडच्या गच्चीपासून जे जमवत आले होते ते सगळं त्या आठवड्यात संपणार होतं, आणि ज्यांनी संपवलं ते रात्री गाढ झोपत असणार याची मला खात्री होती.

शुक्रवारी सकाळच्या गाडीतून डबा आला, आणि डब्याबरोबर अव्वा उतरली. अव्वा कधी एकटी लातूरला आली नव्हती. ती आली ती माझ्यावरच बरसली. "सगळ्या गावात इज्जत काढलीस! अन्न वापस धाडतंय का कुणी? लोक म्हणतेत, अव्वाच्या हाताला चव न्हाई राहिली." मी रडत रडत तिला सगळं सांगितलं. तिला त्रिकोण कळला नाही, मुसळ मात्र आठवलं. तिनं डबा काखेत मारला. मग विचारलं, "कुठं बसतोय त्यो मास्तर?"

सरांच्या खोलीत चार पालक बसले होते. अव्वा डबा काखेत धरून दारातच उभी राहिली.

"तुम्ही माझ्या पोरीचं गणित काढलं म्हणे. ते वापस द्या."

सर हसले. हसण्यासारखं काय होतं? "बाई, तिच्या भल्यासाठीच केलंय. गणित म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"न्हाई ठाऊक. मला न्हाई ठाऊक म्हणून माझ्या पोरीलाबी न्हाई ठाऊक व्हावं का?"

"तसं नाही हो. पोरीवर भार पडतो."

"माझाबी असाच कमी केलता भार," अव्वा म्हणाली. "पहिलीत होते. बाप म्हणला, पोरीला कशाला भार. साळतून काढलं. तवापासून भारच वाहून ऱ्हायले. हलकं झालेलं कवा दिसलं न्हाई मला."

खोलीतले पालक खाली बघायला लागले. सरांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं, की गणितच पाहिजे असेल तर माझ्या क्लासमध्ये जागा नाही, आजच्या आज क्लास सोडा, मग पोरीचं काय होतंय ते मला विचारायला येऊ नका. एका सतरा वर्षांच्या मुलीला आणि अंगठा उठवणाऱ्या बाईला हे बोलताना त्यांना लाज वाटली नाही. अव्वानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. "सोडला," अव्वा म्हणाली, आणि आम्ही जिना उतरलो.

कॉलेजात वेगळीच तऱ्हा. कारकून म्हणाला, वडिलांचीच सही लागते. ज्या आईनं पोटात वागवलं, रोज भाकरी धाडली, तिच्या अंगठ्याला त्या टेबलावर किंमत नव्हती! अव्वा सरळ स्टँडवर गेली, गावाकडच्या गाडीचा कंडक्टर गाठला आणि निरोप दिला, "शेटजीला म्हणावं, सही करायला या. तवर मी इथंच बसते. दुकान तुम्हीच बघा, भाकरीबी तुम्हीच भाजा." चार वाजता अप्पा उतरले. त्यांना भाकरी येत नव्हती, हे एक कारण असेल. अप्पा वाईट नव्हते. ज्याला त्यांनी देव मानलं तो चुकू शकतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच. कारकुनाच्या टेबलाशी उभे राहून ते हळूच म्हणाले, "लोक हसून राहिलेत आपल्याला."

"हसू द्या की," अव्वा म्हणाली. "करा सही."

अप्पांनी सही केली. दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव सगळ्यांत शेवटी, हातानं लिहिलेलं होतं. मी "हजर" इतक्या मोठ्यानं म्हटलं, की सगळा वर्ग मागं वळून बघायला लागला.

त्यानंतर मी कुठल्याच क्लासला गेले नाही. रुक्मिण आणि मी खोलीवरच अभ्यास करायचो. तिला मी गणित सांगायची, ती मला रसायनातली समीकरणं, आणि डबा आम्ही दोघींनी वाटून खाल्ला. अव्वा मुकाट्यानं दुप्पट भाकरी धाडू लागली. बारावीला गणितात मी कॉलेजात पहिली आले आणि नांदेडला बीएस्सीला गेले.

त्या उन्हाळ्यात माझा दाखला आणायला अव्वा आणि मी लातूरला गेलो. स्टँडवरून चौकात आलो आणि मी थबकले. सरांच्या क्लासच्या माथ्यावर भलामोठा फलक लागला होता. रंगाऱ्यानं कॉलेजच्या फोटोवरून माझं तोंड रंगवलं होतं, गाल गुबगुबीत आणि ओठ लालभडक. शेजारी माझं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'गणितात कॉलेजात प्रथम. आमच्या मार्गदर्शनाचे फळ.'  ज्या माणसानं माझं गणित काढलं, ते परत मागितलं म्हणून मला हाकलून दिलं, तो माणूस माझंच गणित टांगून गिऱ्हाईक गोळा करत होता! खाली नव्या पोरांच्या आया-बापांची रांग लागलेली. 

"काय लिहिलंय ते?" अव्वानं विचारलं.

मी वाचून दाखवलं. तिनं पदर खोचला आणि रांगेतून वाट काढत जिना चढली, मी तिच्या मागं. सरांनी तिला ओळखलं. उठून उभे राहिले, हसले, हात जोडले.

"या, या! पोरीनं नाव काढलं. आम्हाला अभिमान आहे तिचा."

"तुमचा अभिमान तुमच्यापाशी ठेवा," अव्वा म्हणाली. "माझी पोरगी खाली उतरवा."

सर काहीतरी पुटपुटले, बघू म्हणाले, उद्या म्हणाले. अव्वा खाली आली आणि त्या फलकाखाली, रांगेच्या तोंडाशी, भर उन्हात मांडी घालून बसली. जो कुणी आत जायला येई त्याला ती वर बोट दाखवून सांगायची, "ती माझी हाय. हितं शिकलेली न्हाई." रांग हळूहळू विरळ झाली. दुपार कलायच्या आत क्लासचा शिपाई शिडी घेऊन आला.